शेजारचे पेडल

मिस्त्री गाडीशी बोलत नसे. धंद्यातले पुष्कळ जण बोलतात. कोणी बॉनेटवर थाप मारून ख्यालीखुशाली विचारतो, कोणी इंजिनाच्या सात पिढ्यांचा उद्धार करतो. हा मात्र गाडीसमोर उभा राहिला की गप्प होई, आणि ते गप्प राहणे इतके लांबे की शेवटी गिऱ्हाईकच अवघडून नको ते कबूल करून टाकी. "जराशी आपटली होती, पण हळूच." "पाणी घालायचं राहिलं, खोटं कशाला बोलू." निम्मे दोष त्याला असेच, हातात पाना न घेता सापडले होते.

त्या सकाळी मात्र ड्रायव्हिंग स्कूलची ताई त्याच्यासमोर उभी होती, आणि ती काही कबूल करायला आलेली नव्हती.

"मिस्त्रीदादा, पुन्हा तेच," ती म्हणाली. "चढावर इंजिन नुसतं ओरडतं, गाडी जागची हलत नाही. वर तो जळका वास. आठ महिन्यांपूर्वीच तुम्ही क्लचची नवी प्लेट टाकली होती ना?"

"टाकली होती."

"मग?"

मिस्त्रीने गाडीकडे पाहिले. अठरा वर्षांची गाडी. मूळचा पांढरा रंग आता दुधावरच्या सायीसारखा पिवळसर पडलेला, टपावर शिकाऊ असल्याची पाटी, आणि आत पेडलांचे दोन संच: एक शिकणाऱ्याच्या पायाशी, दुसरा शेजारी बसणाऱ्या मास्तरांच्या पायाशी. दोन्हीकडची क्लचची पेडले डॅशबोर्डाखालून जाणाऱ्या एका आडव्या दांड्याने जोडलेली होती. एक दाबले की दुसरे आपोआप खाली जाई. शिकणारा चुकला तर मास्तरांनी आपल्या बाजूने दाबायचे, एवढ्यासाठी ती सोय. मास्तरांना ताई काका म्हणत असे.

"मला वाटतं, काकांचा पाय आहे," ताई आवाज खाली आणून म्हणाली. शेडमध्ये तिसरे कोणी नव्हते, तरीही. "गुडघा धरलाय त्यांचा. डावा. सांगत नाहीत, पण जिना चढताना दिसतं. मला वाटतं, पाय पेडलवर टेकवून बसतात. नुसतं वजन पडलं तरी प्लेट जळते ना?"

"जळते. पेडल थोडं जरी दबलेलं राहिलं, तर प्लेट घट्ट बसत नाही. सरकते, तापते, मग जळते."

"मग गिअरबॉक्स उतरवून बघा ना."

"उतरवीन. प्लेट जळालेली दिसेल. कोणी जाळली ते प्लेट सांगत नाही."

ताई काही वेळ बोटातली किल्ली फिरवत राहिली. मग तिने जे सांगितले ते बहुधा घरून निघतानाच घोकून ठेवलेले असावे, इतके ते सरळ आले. दोष गाडीचा असेल तर गाडी दुरुस्त होईल. दोष पायाचा असेल तर काकांना ती उद्यापासून घरी बसायला सांगेल. वडील गेल्यावर स्कूल तिच्याकडे आले, त्याच्या आधीपासून काका त्या सीटवर बसत होते. सव्वीस वर्षे. तिला त्यांनीच शिकवले होते. म्हणूनच नुसत्या संशयावर ती हे करणार नव्हती.

"मला नक्की काय ते सांगा. आणि त्यांना कळू देऊ नका, एवढं कराल?"

मिस्त्रीने मान हलवली. ती मान होकाराची होती की नुसतीच हलली, हे त्यालाही सांगता आले नसते. कारण वीस वर्षांपूर्वी त्यालाही मास्तरांनीच शिकवले होते.

ताई फोन करायला बाहेर गेली, आणि त्याने तपासणी सुरू केली. प्रथम ड्रायव्हरच्या सीटवर बसून हाताने पेडल दाबले. पेडल काही काम न करता सुरुवातीला पोकळच खाली जाते, त्या अंतराला धंद्यात प्ले म्हणतात. प्ले नाहीसा झाला की समजावे, क्लचवर सतत कोणाचा तरी भार आहे. इथे प्ले दीड बोट होता, हवा तितकाच. मग त्याने हँडब्रेक ओढला, तिसरा गिअर टाकला, आणि क्लच हळूहळू सोडला. प्लेट पार गेलेली असती तर इंजिन नुसते गुरगुरत राहिले असते. ते एक आचका देऊन बंद पडले. त्याने तेच पुन्हा केले. पुन्हा बंद. केबल सरळ होती, कुठे अडत नव्हती. प्लेटला झळ लागली असेल, पण उभी गाडी निर्दोष होती. म्हणजे जे काही होत होते ते रस्त्यावर, आणि रस्त्यावर या गाडीत एक जास्तीचा माणूस असे.

त्याला ते पटले. इतके सहज पटले याचे नंतर त्याला नवल वाटले.

टायरांवर खुणा करायचे खडू त्याच्या खिशात नेहमी असत. त्याने त्यातला एक काढला, शेजारच्या सीटपुढे गुडघे टेकले आणि तिथल्या क्लचच्या पेडलवरचे काळे रबर खडूने घासून पांढरे केले. रबराला आडव्या खाचा होत्या. एकही खाच काळी राहू दिली नाही. बुटाचा तळ नुसता टेकला तरी खडू उडाला असता, आणि तळाला लागला असता. काम व्यवस्थित झाले, आणि व्यवस्थित झाले म्हणूनच त्याला ओशाळल्यासारखे झाले. त्याने हात पँटला पुसले. मग पँटवर उमटलेल्या पांढऱ्या डागाकडे पाहून, तो डाग तेलकट फडक्याने पुन्हा पुसला.

अकराच्या सुमारास मास्तर आले. बरोबर त्या दिवसाचा विद्यार्थी होता: पन्नाशीचा बेकरीवाला, भुवयांत अजून मैदा.

"काय रे, काय म्हणते आमची म्हातारी?" मास्तरांनी गाडीला वळसा घालत विचारले.

"उभ्यानं काही म्हणत नाही, मास्तर. एक फेरी मारू. मी मागे बसतो, आवाज ऐकायला."

"बस. मागे बसून आजवर कोणी शहाणं झालेलं नाही, पण बस." सीटवर टेकताना त्यांनी क्षणभर दार धरून ठेवले. "पोरीनं तुला काय सांगितलंय ते मला ठाऊक आहे हो. चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात बघ, मिट्ट अमावस्या आहे."

मिस्त्री काही बोलला नाही. त्याचे गप्प राहणे त्या दिवशी पहिल्यांदाच त्याच्या कामी आले नाही.

बेकरीवाल्याने स्टिअरिंग दोन्ही हातांनी आवळले. "मास्तर, या हातांना मळायचीच सवय. हे मळलं तर चालेल?"

"मळा. पण फुगायची वाट बघत बसू नका, मागे बस उभी आहे."

गाडी रस्त्याला लागली. मागच्या सीटवरून मिस्त्रीला मास्तरांचे डोके आणि एक कान दिसत होता. पाय दिसत नव्हते. त्याने डोळे मिटून घेतले. गिअर पडत होते, क्लच दाबला जात होता, सुटत होता. औषधांचे दुकान, शाळेची भिंत, पेट्रोल पंप हे सगळे त्याला नुसत्या वळणांवरून कळत होते. पहिली दहा मिनिटे आवाजात काही खोट नव्हती. मास्तर आरामात बोलत होते. "दोन नंबर. हं. आता पाय उचला, अंड्यावरून उचलल्यासारखा. अहो, अंड्यावरून म्हटलं, विस्तवावरून नाही."

"तुम्हाला काय, तुम्ही उंटावरून शेळ्या हाकताय," बेकरीवाला घाम पुसत म्हणाला.

"हाकायला शेळीनं चालावं लागतं."

अरुंद पुलाच्या चढावर गाड्यांची रांग थांबली होती. रांग हलली, बेकरीवाल्याने गाडी सोडली, आणि नेमका त्याच वेळी एक सायकलवाला कडेने येऊन पुढ्यात घुसला. बेकरीवाला दचकला. त्याचा डावा पाय क्लचवरून निसटला आणि उजवा ॲक्सिलरेटरवर पडला.

"क्लच! क्लच दाबा! क्लच!"

मास्तरांचा ब्रेक लागला. गाडीने दोन-तीन हिसके दिले आणि इंजिन बंद पडून ती उभी राहिली. सायकलचे मागचे चाक बंपरपासून वीतभर लांब होते.

सायकलवाल्याने वळून पाहिले. "शिकताय का जीव घेताय?"

"दोन्ही थोडं थोडं," बेकरीवाला म्हणाला, आणि स्वतःच्याच उत्तराने घाबरून गप्प झाला.

परतीच्या चढावर मिस्त्रीला जे ऐकायचे होते ते ऐकू आले. इंजिनाचा सूर चढत गेला आणि गाडी मात्र होती त्याच चालीने रांगत राहिली, जणू दोघांची कधीच ओळख नव्हती. पाठोपाठ तो वास आला, जळक्या केसांसारखा. मास्तर मागे न वळताच म्हणाले, "ऐकलंस? आता विचार, माझा पाय कुठे आहे."

त्याने विचारले नाही. खडू सांगणार होताच.

गाडी शेडमध्ये आली. मास्तरांनी दार उघडले, उजवा पाय बाहेर ठेवला. मग दोन्ही हातांनी डाव्या मांडीखालची पँट धरली आणि तो पाय उचलून, दुसऱ्याची एखादी वस्तू जपून खाली ठेवावी तसा जमिनीवर ठेवला. उठून ते भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसले. पाय त्यांनी लांब केला. बुटाचा तळ मिस्त्रीकडे होता: झिजलेला, काळा, आणि स्वच्छ.

तो गाडीत वाकला. पेडल पांढरेच होते. खाचान् खाच.

त्याला आधी बरे वाटले. कोणीतरी छातीवरचा हात काढून घ्यावा तसे. मग त्याच्या लक्षात आले की पेडल पांढरे आहे, पण जागेवर नाही. शेजारच्या ब्रेकच्या पेडलपेक्षा ते दोन बोटे खाली लोंबत होते, आणि त्याला कोणाचाही पाय लागलेला नव्हता. त्याने बोटाने ते वर ढकलले. टक् असा आवाज करून ते वर गेले. ड्रायव्हरच्या बाजूने त्याने क्लच वीस-पंचवीस वेळा भराभर दाबला आणि सोडला. शेजारचे पेडल प्रत्येक वेळी थोडे थोडे कमी वर येत गेले, आणि शेवटी तिथेच लोंबत राहिले. आडवा दांडा ज्या कडीत फिरतो तो बुश सुकला होता. तापला की धरत होता. दांडा अर्ध्यावर अडकला की ड्रायव्हरकडचे पेडलही जरासे दाबलेले राही, प्ले संपे, प्लेट सरकू लागे. शेडमध्ये दोन-चारदा दाबून हे कधीच दिसले नसते.

पण शेजारच्या पेडलला स्वतःची स्प्रिंग असते. बुश कितीही धरो, ती त्याला वर खेचते. त्याने मान वाकडी करून डॅशबोर्डाखाली बॅटरी मारली. स्प्रिंग अडकवायचा हूक रिकामा होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. आठ महिन्यांपूर्वी प्लेट बदलताना हा दांडा त्यानेच सोडवला होता. परत बसवताना ती स्प्रिंग हुकात जाईना. तिथे हात पुरत नाही, मनगट पत्र्याला घासते. तीनदा निसटली तेव्हा त्याने विचार केला होता: दांडा एक, पेडले दोन, ड्रायव्हरकडची स्प्रिंग दोघांनाही वर आणते की. एकावर भागेल. भागले नव्हते. त्याने अगदी शांतपणे, मुद्दाम, पूर्ण शुद्धीत ती स्प्रिंग बाजूला ठेवली होती. आणि आज सकाळी गुडघे टेकून एका म्हाताऱ्या माणसाच्या पायावर पाळत ठेवली होती.

हे सगळे ताईला सांगायचे होते. त्याला त्यात अवघड काही वाटले नाही. चूक होती, ती सांगितली की निदान होती तेवढीच तरी राहते. तो उठणार इतक्यात त्याची नजर पुन्हा त्या रबरावर गेली. ते पांढरे होते. पुलावर बेकरीवाल्याचा पाय निसटला, गाडी उसळली, सायकल वीतभर लांब राहिली, आणि तरीही हे रबर पांढरे होते.

वीस वर्षांपूर्वी तो स्वतः स्कूलच्या आधीच्या गाडीत मास्तरांशेजारी शिकत होता तेव्हाचे त्याला आठवले. चूक झाली आहे हे त्याला कळायच्या आधी पायाखालचे पेडल आपोआप खाली गेलेले असे. तेव्हा मास्तरांचा पाय आधी पोहोचत असे आणि शब्द मागून. आज शब्द तीनदा आले होते, आणि पाय आलाच नव्हता. तो तिथे टेकलेला नव्हता, कारण तो तिथवर उचलला जातच नव्हता.

"काय निघालं?" ताई दारात उभी होती.

मिस्त्री बाहेर आला. "चूक माझी आहे, ताई. मास्तरांकडच्या पेडलची स्प्रिंग मागच्या वेळी मी बसवली नाही. म्हणून ते खाली लोंबतं आणि क्लच दाबलेला राहतो. प्लेट माझ्यामुळे जळाली. नवी मी माझ्याकडची टाकून देतो."

ताईने सुस्कारा टाकला आणि हसली, कितीतरी दिवस अंगावर असलेले ओझे उतरल्यासारखी. "म्हणजे काकांचा पाय नव्हता."

"पेडलला पाय लागलेला नाही."

"मी उगाच बिचाऱ्यांवर... तुम्ही बघितलंत कसं पण?"

"खडू लावला होता पेडलला. तो तसाच आहे."

ताईचे हसू तसेच राहिले, पण त्याच्या मागचे काहीतरी थांबले. तीही रोज सकाळी स्कूलच्या दुसऱ्या गाडीत शिकवणाऱ्याच्या सीटवर बसत असे.

"तसाच? सगळा?"

"हो."

"आत्ता ते बेकरीवाले मला पुलावरचं सांगत होते," ती हळूच म्हणाली. "तेव्हाही नाही?"

मिस्त्रीने पायाच्या टोकाने जमिनीवरचा एक नट बाजूला सारला.

ताई बाकापाशी गेली. मास्तरांनी तिच्याकडे पाहिले, मग मिस्त्रीच्या खिशातून डोकावणाऱ्या खडूकडे, आणि त्यांना जे समजायचे ते समजले.

"काका, किती दिवस झाले?"

"पोरी, ब्रेकचा पाय शाबूत आहे."

"क्लचचा विचारतेय मी."

"क्लच मी तोंडानं दाबतो," मास्तर म्हणाले. "आणि माणसं ऐकतात. सव्वीस वर्षांत माझं न ऐकणारा एकच निघाला, तो म्हणजे हा गुडघा." कोणी हसले नाही, तेव्हा त्यांनी सूर बदलला. "थंडीपासून. उचलतच नाही. वाटलं होतं, उन्हाळ्यात सुटेल."

"मला सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तू काय केलं असतंस? हेच ना?"

मास्तर मिस्त्रीकडे वळले आणि त्यांच्या आवाजात एकाएकी कामाची लगबग आली.

"हे बघ. माझ्या बाजूचं क्लचचं पेडल काढूनच टाक. म्हणजे स्प्रिंगही नको, बुशही नको, लोंबायचा प्रश्नच मिटला. नुसत्या ब्रेकनं गाडी थांबते की नाही? आज थांबली की नाही? बंद पडते, पण थांबते. एका पेडलवर भागेल. सांग हिला. तू मिस्त्री आहेस, तुझं ती ऐकेल."

ताईनेही त्याच्याकडे पाहिले, आणि त्या पाहण्यात हुकूम नव्हता. त्याने भागेल म्हणावे असेच बहुधा तिला वाटत होते. काम अर्ध्या तासाचे होते. दांडा सोडवायचा, चार बोल्ट, झाले. गाडी खरोखरच थांबली असती, बहुतेक वेळा.

मिस्त्री बराच वेळ गप्प राहिला. गिऱ्हाइकांना बोलते करणारे ते गप्प राहणे आज त्याच्या स्वतःवरच येऊन बसले होते. एकावर भागेल हे वाक्य त्याने आठ महिन्यांपूर्वी डॅशबोर्डाखाली, घासलेले मनगट चोळत, अगदी याच समजूतदार सुरात स्वतःला ऐकवले होते.

"नाही भागणार, मास्तर," तो म्हणाला.

"का?"

"पुलावर ती सायकल वीतभर राहिली. तुमचा पाय पोहोचला असता तर हातभर राहिली असती. मला तुम्हीच हे शिकवलंय."

मास्तरांनी त्याच्याकडे पाहिले. राग आला असावा. आला तसा गेला असावा. त्यांच्या चेहऱ्यावर दोन्हींसाठी फारशी जागा नव्हती. मग त्यांनी दाराशी घुटमळणाऱ्या बेकरीवाल्याला हाक मारली. "ओ शेठ! उद्यापासून ताई बसतील तुमच्या शेजारी. त्यांचा पाय चपळ आहे. मात्र त्या जास्त बोलत नाहीत."

"अहो, मग मी शिव्या कोणाच्या खाऊ?" बेकरीवाला म्हणाला. "मला तुमच्या अंगी लागल्यात."

"संध्याकाळी बेकरीत येऊन देत जाईन. त्याला क्लच लागत नाही."

ताईने वाकून त्यांच्या बगलेत हात घातला. एरवी त्यांनी तो झिडकारला असता. ते उठले, तिच्या खांद्यावर भार टाकून दोन पावले चालले, आणि थांबून तिला काहीतरी म्हणाले. काय ते मिस्त्रीला ऐकू आले नाही. तिने नुसती मान हलवली. बेकरीवाला आपली टोपी हातात घेऊन दोघांच्या मागे, त्यांच्याच चालीने निघाला.

मिस्त्री गाडीत शिरला आणि शेजारच्या सीटपुढे पाठीवर झोपला. नवी स्प्रिंग हुकात जाईना. ती चौथ्यांदा निसटली तेव्हा मनगटाचे साल निघाले. त्याने हात बाहेर काढला, रक्त पाहिले, आणि पुन्हा आत घातला.